लवकर पिकणारं प्लमचं झाड: एकटं नको, जोडी लावा

आजचा विषय छोटा आहे, पण निवड चुकली तर चार-पाच वर्षं वाया जातात. अंगणात किंवा परसात लवकर पिकणारं प्लमचं, म्हणजे आलुबुखाराचं झाड लावायचं, तर ते कसं निवडायचं?

आधी माझीच फजिती सांगतो. लुधियानात घरामागे थोडी जागा मिळाली, तेव्हा मी रोपवाटिकेतून 'सतलुज पर्पल' जातीचं एक रोप आणलं. मे लागला की फळ, असं ऐकलं होतं. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत झाड पांढऱ्या फुलांनी भरून गेलं. फळ मात्र एकही धरलं नाही. चौथ्या वर्षी खत वाढवलं, पाणी वाढवलं, तरी तेच. शेवटी शेजारचे सरदारजी आले, झाडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "याचा जोडीदार कुठे आहे?"

दोष झाडाचा नव्हता. सतलुज पर्पलला स्वतःच्या परागानं फळ धरत नाही. आणि लक्षात घ्या, त्याच जातीची दोन झाडं लावूनही उपयोग नसतो. कलमं एकाच मूळ झाडाची, म्हणून परागही एकच. त्याला दुसऱ्या जातीचा पराग लागतो, आणि पंजाबात त्यासाठी 'काला अमृतसरी' लावतात. दोघांची फुलं एकाच सुमाराला येतात. सतलुज पर्पल मेच्या सुरुवातीला पिकतं, काला अमृतसरी त्यानंतर थोड्या दिवसांनी. पहिलं ताजं खायला, दुसरं जॅम आणि सरबताला उत्तम. मी जोडीदार लावला, आणि त्याला फुलं आली त्या वर्षी माझ्या जुन्या झाडावर फळ धरलं.

आता लवकर पिकणारीच जात का? उत्तरेच्या मैदानात जूनअखेर पाऊस येतो. पिकत आलेलं फळ पावसात तडकतं, फळमाशीही वाढते. मेमध्ये पिकणारं फळ या दोन्हींतून सुटतं.

निवड करताना तीन प्रश्न क्रमानं विचारा.

पहिला, तुमच्याकडे थंडी किती? प्लमचं झाड हिवाळ्यात पानं गाळून झोपतं. साधारण ७ अंशांखाली ठरावीक तास गेले की मगच त्याचे डोळे नीट फुटतात. पंजाबच्या मैदानात थोड्या थंडीवर भागणाऱ्या जाती चालतात. हिमाचलच्या मधल्या उंचीवर 'सांता रोझा' चालते. ही ल्यूथर बरबँक यांनी कॅलिफोर्नियात तयार करून १९०६ मध्ये बाजारात आणलेली जात. ती तिथे जूनमध्ये पिकते. 'मेथ्ली' आणि 'ब्यूटी' तिच्याही आधी. डोंगरात फुलोऱ्याच्या वेळी दहिवर पडतं का, हे मात्र आधी बघा. फूल करपलं तर फळ कुठून येणार? पुण्या-नाशिककडच्या मंडळींनो, आपल्याकडे भरवशाची थंडी नाही. तिथे हे झाड वाढेल, पण फळाची आशा धरू नका.

दुसरा प्रश्न, जोडीदार कोण? जपानी गटाच्या प्लमला जपानी गटातलाच जोडीदार हवा. वर सांगितलेल्या जाती याच गटातल्या. युरोपीय प्लमचा पराग त्यांना चालत नाही. शिवाय फुलोरा एकाच वेळी यायला हवा. दोन झाडांना जागा नसेल, तर एकाच झाडावर दुसऱ्या जातीच्या फांदीचं कलम बांधता येतं. शेजाऱ्याच्या अंगणात योग्य झाड असेल, तर मधमाश्या तुमचं काम करतील. म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका.

तिसरा, पाणी साचतं का? मुळांशी पाणी तुंबलेलं या झाडाला सोसत नाही. सखल कोपरा टाळा. दोन झाडांत साधारण ६ मीटर अंतर ठेवा, ऊन भरपूर मिळू द्या.

रोप जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, झाड झोपेत असताना लावा. या दिवसांत माती नसलेली, उघड्या मुळांची रोपं मिळतात. मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा आणि त्याच दिवशी लावा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या. सांध्याखालून येणारे फुटवे काढत राहा, ते खुंटाचे असतात.

रोपवाटिकेत गेलात की "लवकर पिकणारं प्लम द्या" एवढंच म्हणू नका. जातीचं नाव विचारा, आणि लगेच तिच्या जोडीदाराचं. दुसरं नाव सांगता आलं नाही, तर रोप घेऊ नका. माझ्यासारखी फुलं मोजत बसायची वेळ तुमच्यावर येऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. भेटू पुढच्या भागात.