शिकाऱ्यांची खिंड : कंबरलँड गॅप

अमेरिकेत डोंगर फोडून हमरस्ते काढल्याच्या जागा पदोपदी सापडतात. हमरस्ता उखडून तिथे जुनी पायवाट परत आणल्याची जागा मात्र विरळाच. केंटकी, व्हर्जिनिया आणि टेनेसी या तीन राज्यांच्या सीमा जिथे भेटतात, त्या कंबरलँड गॅप या खिंडीत हे घडले आहे. खिंडीवरून जाणारा वळणावळणाचा हमरस्ता अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. १९९६मध्ये डोंगराच्या पोटातून सुमारे १.४ किलोमीटर लांबीचा जोडबोगदा सुरू झाला आणि वाहने जमिनीखालून धावू लागली. मग वरचे डांबर खरवडून काढले गेले. जुन्या नकाशांच्या आधाराने डोंगराचा उतार पूर्वीसारखा करून घेतला, स्थानिक झाडे लावली आणि १७८० ते १८१० या काळात होती तशी वाट पुन्हा तयार केली. आज त्या वाटेवरून पायीच जावे लागते.

एवढा खटाटोप करण्याजोगे या वाटेत काय आहे, याचे उत्तर शिकारीच्या इतिहासात आहे. अ‍ॅपलाचियन पर्वताची भिंत ओलांडायला सोप्या जागा फार थोड्या. सुमारे १,६०० फुटांवरची ही खिंड त्यांपैकी एक. ती आधी जनावरांनी शोधली. केंटकीतले खारे झरे आणि बांबूची रानेच्या राने यांच्या ओढीने बायसन, एल्क आणि हरणे इथून ये-जा करत. एल्क म्हणजे आपल्या सांबराहूनही मोठे हरीण. जनावरांच्या मागोमाग शॉनी, चेरोकी आणि इतर जमातींचे लोक आले. शिकार, व्यापार आणि लढाया या तिन्हींसाठी त्यांची पावले या वाटेवर पडत. १७५०मध्ये डॉ. थॉमस वॉकर जमीन कंपनीच्या कामासाठी इथे पोहोचला आणि त्याने खिंडीची नोंद केली, तेव्हा ही वाट चांगली मळलेली होती.

१७६०च्या दशकात व्हर्जिनिया आणि कॅरोलिनातले गोरे शिकारी खिंडीपलीकडे जाऊ लागले. महिनोन्महिने, कधी वर्ष-दोन वर्षे ते घराबाहेर राहत. म्हणूनच त्यांना ‘लाँग हंटर’ म्हणत. पोटापुरती शिकार करणारे हे लोक नव्हते; तो त्यांचा रोकडा धंदा होता. युरोपात हातमोजे, विजारी आणि पुस्तकांच्या बांधणीसाठी हरणाच्या कातड्याला मागणी होती. उन्हाळ्यात आणि शरदात हरणे मारायची, थंडीत दाट केसांच्या बीव्हर आणि पाणमांजरांसाठी सापळे लावायचे, असे त्यांचे वर्ष चाले. तळावरचे काम शिकारीहून किचकट. सुरीने कातड्यावरचे केस आणि मांसाचा पापुद्रा खरवडायचा, मऊ पडेपर्यंत ते फळीच्या कडेवर घासायचे, गठ्ठे बांधायचे आणि अस्वले-लांडगे पोहोचणार नाहीत अशा उंच माचाणावर रचायचे. पुरेसा माल जमला की घोड्यांवर लादून डोंगर ओलांडायचा. थंडीत पाय गोठू नयेत म्हणून हे लोक चामड्याच्या जोड्यांत हरणाचे केस भरत. खांद्यावरची लांब नळीची रायफल बहुधा पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांच्या हातची असे.

त्यांच्यातला सर्वांत प्रसिद्ध शिकारी डॅनियल बून. १७६९मध्ये तो पाच साथीदारांसह या खिंडीतून केंटकीत उतरला. डिसेंबरपर्यंत त्यांच्याकडे कातड्यांचे ढीग साठले. तेवढ्यात शॉनींनी त्यांना पकडले, कातडी आणि घोडे काढून घेतले आणि परत इकडे फिरकू नका असे बजावून सोडून दिले. बूनच्या गोष्टींत हा प्रसंग संकट म्हणून येतो. शॉनींच्या बाजूने पाहिले तर परके लोक त्यांच्या हिवाळ्याची बेगमी बाजारात विकायला नेत होते. जप्ती करून, जीव न घेता सोडून देणे हा त्यांच्या परीने संयमच होता.

पुढे हा संयम दोन्हीकडे संपला. अ‍ॅपलाचियनच्या पश्चिमेला वसाहत करू नये, असा ब्रिटिश राजाचा १७६३चा जाहीरनामा होता. तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. १७७३मध्ये बून कुटुंबकबिल्यासह निघाला. वाटेत झालेल्या हल्ल्यात त्याचा थोरला मुलगा जेम्स मारला गेला. मार्च १७७५मध्ये रिचर्ड हेंडरसनच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीने चेरोकींच्या काही प्रमुखांकडून प्रचंड मुलूख विकत घेतला. ड्रॅगिंग कनू या तरुण चेरोकी नेत्याने या सौद्याला कडाडून विरोध केला. बूनने तीसेक कुऱ्हाडवाले घेऊन खिंडीतून केंटकी नदीपर्यंत वाट तोडली. तीच ‘विल्डरनेस रोड’. १८१०पर्यंत दोन-तीन लाख माणसे या वाटेने पश्चिमेकडे गेली. त्यांत मालकांबरोबर चालत आलेले गुलामही होते. माँक एस्टिल हा त्यांतला एक. बूनच्या बूनसबरो गढीसाठी त्याने बंदुकीची दारू तयार केली आणि १७८२च्या एका लढाईतल्या पराक्रमाबद्दल त्याला मुक्त करण्यात आले. सरहद्दीचे जीवन उभे करणाऱ्यांत अशा माणसांचा वाटा मोठा होता, पण कीर्ती मात्र बूनच्या वाट्याला आली.

मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती मे १७७५मधली एक घटना. बूनसबरोत एका एल्म वृक्षाखाली नव्या वसाहतींच्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. तीत बूनने शिकारीच्या जनावरांच्या रक्षणाचा ठराव मांडला. वसाहत होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तरी जनावरे गढीपासून लांब जाऊ लागली होती. चवीपुरते मांस काढून घेऊन बाकीचा बायसन कुजत टाकायची पद्धत पडली होती. ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीचा दावा पुढे व्हर्जिनियाने रद्द केला आणि तो ठरावही तिच्याबरोबर बुडाला. एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत केंटकीतला बायसन जवळपास संपला, त्या शतकाच्या मध्यापर्यंत एल्कही. बूनच्या जमिनींचे दावेही कज्जेदलालीत गेले. १७९९मध्ये तो मिसुरीला निघून गेला आणि १८२०मध्ये तिथेच वारला.

लोकांच्या मनात राहिला तो मात्र वेगळाच बून. जॉर्ज केलेब बिंगहॅमने १८५०च्या सुमारास काढलेल्या चित्रात तो एखाद्या प्रेषितासारखा लोकांना खिंडीतून नेतो आहे. पुढे टीव्हीने त्याच्या डोक्यावर रॅकूनची शेपटीवाली टोपी चढवली. खरा बून फेल्टची हॅट घालत असे. १८९३मध्ये इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नरने अमेरिकी स्वभाव सरहद्दीवर घडला असा सिद्धान्त मांडला, तेव्हा उदाहरण म्हणून त्याने याच खिंडीतून एकामागून एक सरकणारी रांग डोळ्यांपुढे उभी केली. स्वावलंबी, बंदूकधारी, कोणाचा मिंधा नसलेला ग्रामीण अमेरिकन ही प्रतिमा इथून थेट आजच्या राजकारणापर्यंत पोहोचली आहे.

या स्वावलंबनाचा खरा चेहरा पाहायचा तर खिंडीच्या परिसरातल्या ब्रश माउंटनवरच्या हेन्सली वस्तीत जावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शर्मन हेन्सलीने ही वस्ती वसवली. भरात असताना इथे शंभरेक माणसे होती. वीज नाही, पक्का रस्ता नाही. लाकडी ओंडक्यांची घरे, मोकळ्या रानात चरणारी डुकरे, स्वतःची भट्टी, स्वतःची शाळा. तरुण खाणींत आणि शहरांत कामाला गेले, वस्ती ओसरत गेली आणि १९५१मध्ये शर्मननेही डोंगर सोडला. घरे आता दुरुस्त करून जपली आहेत. हंगामात मार्गदर्शकासह तिथे जाता येते.

खिंडीचा परिसर आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. प्रवेशशुल्क नाही. केंटकीतल्या मिडल्सबरो गावाच्या कडेला माहिती केंद्र आहे. जवळचे मोठे शहर टेनेसीतले नॉक्सव्हिल. तिथून मोटारीने दीडेक तासात पोहोचता येते. २,४४० फुटांवरच्या पिनॅकल सज्जापर्यंत गाडी जाते आणि तिथून तिन्ही राज्ये दिसतात. ऑक्टोबरात झाडांचे रंग पालटतात, तेव्हा जाणे उत्तम. पण सज्जावरून परतू नये; पायवाटेने खिंड चढावी. त्याशिवाय अंतराचा आणि चढाचा अर्थ कळत नाही.

उद्यानात शिकारीला बंदी आहे, बाहेर मात्र शिकार हा इथल्या जीवनाचा भागच आहे. शिकार आणि मासेमारीचा हक्क केंटकीच्या मतदारांनी २०१२मध्ये राज्यघटनेत घातला. त्याच केंटकीने १९९७ ते २००२ या काळात पश्चिमेकडच्या राज्यांतून दीड हजारांवर एल्क आणून पूर्व भागात, मुख्यतः खाणी बंद पडलेल्या डोंगरांवर सोडले. आज मिसिसिपीच्या पूर्वेला एवढे एल्क दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत. त्यांची शिकार मुख्यतः सोडतीत परवाना मिळालेल्यांना करता येते. १९३७च्या कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी लागतो, म्हणजे या कामाचा भार शिकारीही उचलतात. बूनने एल्म वृक्षाखाली मांडलेले तत्त्व हेच होते : ज्याला शिकार हवी, त्याने ती राखलीही पाहिजे. ते मान्य व्हायला दीडशेहून अधिक वर्षे गेली आणि तोवर बायसन गेला, शॉनींचा मुलूखही गेला. कंबरलँड गॅपला जाणाऱ्याने बूनची रायफल जरूर आठवावी, पण त्याआधी त्याचा तो ठराव आठवावा.