साडी हिरवी होती

डिसेंबरात ग्वाल्हेरला गेलं की नई सडकेवरच्या आमच्या घरात रात्री आठालाच सगळे रजईत शिरतात. बाहेर बाजार चालू असतो, गाड्यांचे भोंगे वाजत असतात आणि आत गजकचा डबा या हातातून त्या हातात फिरत असतो. गेल्या डिसेंबरात अशाच एका रात्री माझ्या सोळा वर्षांच्या भाच्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाला, "मावशी, आज 'ब्लेड रनर' बघू. जुना आहे, पण बढिया आहे."

रिडली स्कॉटचा हा सिनेमा १९८२ चा. गोष्ट घडते नोव्हेंबर २०१९ मधल्या लॉस एंजेलिसमध्ये. म्हणजे सिनेमातलं भविष्य आपण केव्हाच मागे टाकलं. उडत्या मोटारी काही आल्या नाहीत, म्हणून भाचा हसत होता. एका प्रसंगाला मात्र तो गप्प झाला. रेचल नावाची तरुणी आपण माणूसच आहोत हे पटवायला आईबरोबरचा लहानपणीचा फोटो दाखवते. मग तिला कळतं, की आपण बनवलेलो आहोत आणि ज्या आठवणी आपल्या समजत होतो त्या दुसऱ्याच मुलीच्या आहेत.

"पण फोटो तर आहे ना तिच्याकडे!" भाचा म्हणाला. मी म्हटलं, "फोटोचं काय, फोटो कुणीही बनवतं." तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की दुसऱ्याच दिवशी हे वाक्य आमच्याच घरात खरं होणार आहे.

आमच्या दिवाणखान्यात आजी-आजोबांचा एक काळा-पांढरा फोटो आहे, १९६१ सालचा. त्या वर्षी मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरलं होतं. अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे, संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. आजी तेव्हा एकवीस वर्षांची, नवी नवरी. संमेलनाहून परतताना दोघांनी स्टुडिओत जाऊन हा फोटो काढला. आजोबा खुर्चीत ताठ, ओठ मिटलेले. आजी शेजारी उभी, अंगावर सासूबाईंनी दिलेली साडी. "हिरवीगार होती गं," हे मी लहानपणापासून निदान पन्नास वेळा ऐकलं असेल.

अलीकडे आजी विसरते. मला माझ्या आईच्या नावानं हाक मारते, जेवण झालं तरी "पानं घेतली का?" विचारते. तिला आनंद व्हावा म्हणून भाच्यानं तो फोटो मोबाइलमधल्या एका अॅपला दिला. अॅपनं त्यात रंग भरले आणि आजोबांना हलतं केलं. त्यांनी पापण्या मिटल्या, मान वळवली आणि चक्क हसले. साडी निळी झाली.

आजी खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "असेच हसायचे ते. आणि ही निळी साडी, सासूबाईंनी दिलेली."

भाचा खूश झाला. माझ्या पोटात मात्र गोळा आला. आजोबा फोटोसाठी कधीच हसले नाहीत. आणि साडी? तिचा रंग आजीनंच तर मला सांगितला होता.

आजीचं वय झालंय म्हणून हे घडलं, असं समजायचं कारण नाही. २००२ साली मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. तरुण मंडळींना त्यांचे बालपणीचे फोटो दाखवले. त्यात एक बनावट होता: गरम हवेच्या फुग्यातून केलेल्या सफरीचा, जी त्यांनी कधी केलीच नव्हती. दोन-तीन बैठकींनंतर जवळपास निम्म्यांना ती सफर थोडीफार 'आठवू' लागली. खोटं सांगितलं तर आपण शंका घेतो, पण फोटो समोर आला की आपणच त्याला गोष्ट जोडून देतो.

दुसऱ्या रात्री आम्ही पुढचा भाग पाहिला, २०१७ चा 'ब्लेड रनर २०४९'. त्यात २०२२ मध्ये सगळी वीज जाते आणि संगणकांत साठवलेलं सारं पुसलं जातं. उरतो तो फक्त कागद. जुन्या नोंदी सांभाळणारा एक माणूस सांगतो, की हरवलेल्या बाळपणीच्या फोटोंसाठी त्याची आई अजून रडते. मला एकदम भरून आलं. चार वर्षांपूर्वी माझा फोन बंद पडला तो पडलाच. त्यात आजीचं दोन तासांचं बोलणं होतं. लग्न होऊन आली तेव्हाची नई सडक, कुठलं दुकान कुणाचं, पहिल्या थंडीत तिला किती रडू आलं, सगळं. 'उद्या दुसरीकडे उतरवून ठेवू' म्हणत मी वर्ष घालवलं. आज तिला पुन्हा विचारावं, तर ती गोड हसते आणि विचारते, "कुठली सडक?"

या सिनेमांना डिस्टोपियन म्हणतात, म्हणजे बिघडलेल्या उद्याच्या गोष्टी. पण त्यातलं संकट दर वेळी यंत्रांच्या फौजा घेऊन येत नाही. आपल्याकडे ते लाडक्या नातवंडाच्या हातून, प्रेमानं आलं.

उपाय काय, तेही एका जुन्या सिनेमातच सापडलं. फ्रान्स्वा त्रुफोच्या १९६६ च्या 'फॅरनहाइट ४५१' मध्ये पुस्तकं जाळली जातात, तेव्हा काही माणसं जंगलात राहून एकेक पुस्तक पाठ करतात. मरणाला टेकलेला एक म्हातारा लहान मुलाकडून आपलं पुस्तक घोकून घेतो. ग्वाल्हेरकरांना हे नवं नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं आले, वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ग्वाल्हेरची गायकी गळ्यातून महाराष्ट्रात घेऊन गेले. तेव्हा ना टेप, ना मोबाइल. पण शिष्य चुकला, तर थांबवायला गुरू समोर बसलेला असायचा. आठवण टिकते ती अशी, चूक दाखवणारं कुणीतरी जवळ असलं की. अॅपला कोण थांबवणार?

परतायच्या आदल्या दिवशी भाच्याला घेऊन किल्ल्यावर गेले. चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यात २७० हात लांबीची बाग आणि देवासाठी रोज ५० हार यांची नोंद आहे. त्या आकड्यांतलं शून्य बघायला जगभरातून लोक येतात. भाचा म्हणाला, "मावशी, फुलांचा हिशेब साडेअकराशे वर्षं टिकला, आणि तुझा फोन?" काय बोलणार!

घरी येऊन आम्ही फोटो फ्रेममधून काढला. मागची बाजू कोरी होती. भाच्यानं पेन्सिलीनं आजी-आजोबांची नावं, गाव आणि वर्ष लिहिलं. रंगीत चित्र त्यानं पुसलं नाही, पण त्यावर 'हे अॅपनं बनवलेलं आहे' असं टाकलं. मग मला विचारलं, "साडी पक्की हिरवीच ना?"

मी डोळे मिटले. आणि खरं सांगते, मलाही आधी निळीच दिसली. एवढ्या दोन दिवसांत! मग आजीचा आवाज आठवला, "हिरवीगार होती गं," तसा हळूहळू रंग परत आला.

मुलांनो, तुमच्या घरातही असा एखादा फोटो असेल आणि त्याबद्दल सांगणारं कुणी अजून असेल. त्याला रंग नंतर द्या. आधी त्याच्या मागे लिहा, आणि सांगणारं माणूस सांगतंय तोवर लिहा.

आमच्या फोटोमागे शेवटची ओळ आहे: 'साडी हिरवी होती. आजीनं सांगितलेलं.'