नसल्यास, विलंबाची कारणे काय?

पावसाळी अधिवेशन तोंडावर आलं की वर्तमानपत्रांची पानं ठरलेल्या बातम्यांनी भरू लागतात. किती आठवडे चालणार, चहापानाला विरोधक जाणार की नाही, पहिला सभात्याग कोणत्या मुद्द्यावर होणार. हे सगळं तुम्ही आठवडाभर वाचताय, त्यामुळे त्यात शिरत नाही. मला या दिवसांत ओढ असते ती तारांकित प्रश्नांच्या यादीची. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर ती कुणालाही वाचता येते, आणि तिच्यात आपला तालुका सापडतो. पाझर तलावाची गळती, आरोग्य केंद्रातली डॉक्टरची रिकामी जागा, पूल अर्धवट सोडून गेलेला ठेकेदार, सगळं गावाच्या नावानिशी असतं.

या प्रश्नांचा साचा पिढ्यान्‌पिढ्या बदललेला नाही. आधी, अमुक गावच्या तलावाला गळती लागली आहे, हे खरे आहे काय? मग, असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय? त्यापुढे, तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? आणि शेवटी, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचीही भाषा ठरलेली. ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’.

सरकारी मराठीचा नमुना म्हणून हे वाचून सोडून देणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो. एका ‘अंशतः खरे आहे’मागे काय काय घडतं, ते बघा. मंत्रालयातला कक्ष अधिकारी अधीक्षक अभियंत्याला कळवतो, तिथून कागद कार्यकारी अभियंत्याकडे, तिथून उपविभागात जातो, आणि अखेर शाखा अभियंता मोटारसायकलवर टांग मारून त्या तलावाच्या भरावावर जाऊन उभा राहतो. गावकऱ्यांनी चार वर्षं अर्ज दिले तरी जो माणूस आला नाही, तो त्या दिवशी येतो. कारण आता मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यायचंय, ते छापलं जाणार आहे आणि चुकीचं निघालं तर हक्कभंगाला सामोरं जावं लागेल. मला प्रश्नाच्या त्या चार ओळींतली शेवटची सगळ्यांत मोलाची वाटते. गळती आहे हे गावाला ठाऊकच असतं. ती का थांबली नाही, हे सरकारला विधानसभेत लेखी विचारायचा अधिकार त्या गावातर्फे एकाच माणसाला आहे, तो म्हणजे आमदार.

पण गावात आमदाराचं काम मोजतात ते निधीवर. ‘आमदार फंडातून’ अशी पाटी नसलेली गल्ली आता शोधावी लागेल. स्थानिक विकास निधी २०२० पर्यंत वर्षाला दोन कोटी होता. मग तीन झाला, चार झाला, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात पाच कोटींवर गेला. आकडा मोठा वाटतो. शंभराच्या आसपास गावं असलेल्या मतदारसंघात तो वाटून बघा, गावाला वर्षाकाठी पाच लाख येतात. त्यात एका गल्लीचं काँक्रीट होईल, नाहीतर एखाद्या सभामंडपावर पत्रा चढेल. शिवाय हे पैसे आमदार स्वतः खर्च करत नाही. तो काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्याकडून मिळते आणि काम यंत्रणा करते. म्हणजे ज्या कामात आमदाराचा वाटा शिफारशीपुरता, त्यावर त्याचं नाव रंगवलेलं असतं, आणि सभागृहात जे काम फक्त तोच करू शकतो त्याची पाटी कुठेच लागत नाही.

हे म्हणताना डोळ्यांसमोर सांगोला आहे. माणगंगेच्या खोऱ्यातला हा तालुका पावसाच्या पडछायेत येतो. नदी आहे, पण वर्षाचा बराच काळ पात्रात वाळूच दिसते. कुसळं आणि मेंढरं हीच ज्याची ओळख होती, त्या मुलखानं ठिबकवर डाळिंब पिकवून दाखवलं. देशातली शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० रोजी याच सांगोल्यातून पश्चिम बंगालमधल्या शालीमारकडे निघाली. पुढे तेल्या आणि खोडकिडीनं बागाच्या बागा उपटाव्या लागल्या, तो वेगळा आणि दुखरा विषय आहे. तर, या तालुक्यानं शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवलं. १९६२ साली पहिल्यांदा, २०१४ साली शेवटचं. मधे ते दोनदा पडले, १९७२ ला आणि १९९५ ला. दुसऱ्यांदा तर अवघ्या १९२ मतांनी. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले, तेव्हा एसटीनं फिरणारा साधा आमदार म्हणून सगळीकडे लिहून आलं. ते खरंच होतं. पण मला हळहळ वाटली ती याची की साधेपणाच्या कौतुकात त्यांचं काम झाकलं गेलं.

ते काम म्हणजे एकच प्रश्न न सोडणं. १९७८ आणि १९९९ या दोन मंत्रिपदांचा काळ सोडला तर गणपतराव बहुतेक विरोधी बाकांवरच होते. सत्तेतल्या आमदाराला चिठ्ठी देऊन काम करून घेता येतं. विरोधी आमदाराच्या हाती तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना एवढीच आयुधं असतात. दुष्काळी पट्ट्याच्या पाण्यासाठी त्यांनी ती वर्षानुवर्षं वापरली. बाहेर रस्त्यावर क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी होते, डॉ. भारत पाटणकर होते. आटपाडीच्या पाणी परिषदा त्यांनी नव्वदच्या दशकात सुरू केल्या आणि तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं तिथे वर्षानुवर्षं जमत राहिली. त्या व्यासपीठावर गणपतरावही असत. तिथला हा आमदार म्हणजे पाणी परिषद आणि विधानसभा यांच्यामधलं दार होतं. आटपाडीत जे ठरे ते मुंबईत कामकाजात येई, आणि मुंबईत जे उत्तर मिळे ते आटपाडीत माणसांना ऐकवलं जाई. हे दार उघडं राहिलं नाही तर चळवळ मोर्च्यापाशी थांबते आणि आमदार भाषणापाशी.

हे पाणी पाच कोटींत येण्यासारखं नव्हतंच. बच्छावत लवादानं वाट्याला दिलेलं कृष्णेचं पाणी २००० सालापर्यंत अडवण्याची घाई होती, म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ आलं. त्याच सुमारास टेंभू योजनेचं काम उभं राहिलं. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं, ते टप्प्याटप्प्यानं पंपांनी चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत न्यायचं. मूळ आराखड्यात लाभक्षेत्र ८०,४७२ हेक्टर. सांगोला या कालव्याच्या शेपटाला आहे, आणि शेपटाचं दुःख शेपटालाच माहीत. वरचे भरून घेतात, खालचे वाट बघतात. म्हणून ‘टेल टू हेड’ ही मागणी या भागात पोरांच्याही तोंडात असते : आधी शेवटच्या गावाला पाणी द्या, मग मागे या. पाणी आल्यावरही प्रश्न संपत नाहीत. पंप विजेवर चालतात आणि बिल कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नसतं. पुढे उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं उचलायचा, असं सूत्र ठरलं. माझ्या मते त्या भागातल्या कुठल्याही सभामंडपापेक्षा हा आकडा मोठा आहे.

या श्रेयात अनेक पक्षांचे, अनेक तालुक्यांचे वाटेकरी आहेत. मी एकाच माणसाविषयी एवढं लिहिलं, कारण पहिल्या मागणीपासून शिवारात पाणी येईपर्यंत पाच-सहा निवडणुका होतात. एवढा काळ ‘विलंबाची कारणे काय’ विचारत राहायला माणूस तिथे असावा लागतो, आणि त्याला परत पाठवणारा तालुकाही लागतो.

सभागृह लांब आहे, पण या प्रश्नाचं धाकटं रूप तालुक्यालाही मिळतं. पंचायत समितीची आमसभा. वर्षातून एकदा, आमदाराच्या अध्यक्षतेखाली सगळ्या खात्यांचे अधिकारी जनतेसमोर बसतात. अनेक तालुक्यांत ती वर्षानुवर्षं होतच नाही आणि त्याची बातमीही होत नाही. काही वर्षांपूर्वी मी अशी एक आमसभा पाहिली. एका मंगल कार्यालयात, दुपारच्या उकाड्यात चार-पाचशे माणसं. अधिकाऱ्यांपुढे पुठ्ठ्यावर खात्यांची नावं. तिसऱ्या रांगेतून एक पटकेवाले म्हातारबा उठले. हातातल्या कॅरीबॅगेत अर्जांची भेंडोळी.

‘‘सायेब, डीपी जळून महिना झाला. मोटार बंद हाय, डाळिंबं गळायला लागल्यात. वायरमन म्हंतोय, वर कळवलंय.’’

अभियंता उठून म्हणाला, प्रस्ताव पाठवलाय, लवकरच होईल. आमदारानं मान वर न करता विचारलं, ‘‘लवकर म्हणजे कधी?’’

‘‘पुढच्या आठवड्यात, साहेब.’’

‘‘वार सांगा.’’

मंडप गप्प. अभियंत्यानं शेजारच्याकडे पाहिलं, मग म्हणाला, ‘‘गुरुवारी.’’ आमदारानं गटविकास अधिकाऱ्यांना ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं, वारासकट आणि अभियंत्याच्या नावासकट. मग पुढचं नाव पुकारलं. दिवेलागणीपर्यंत हेच चाललं होतं. अंगणवाडीचं छत, निराधारांचं अडकलेलं मानधन, टँकरच्या खेपा. एकही भाषण झालं नाही. माणसं घरी निघाली तेव्हा प्रत्येकाकडे एक वार होता.

डीपी गुरुवारी नाही, शनिवारी बसला. म्हातारबांनीच फोन करून कळवलं आणि पुढची आमसभा कधी, तेही विचारलं. त्यांच्या भेंडोळ्यात अजून पाच अर्ज होते. मी पंचायत समितीत चौकशी केली. तारीख ठरलेली नव्हती. त्यानंतर त्या तालुक्याचा आमदार बदलला. म्हातारबा अजून दर पावसाळ्यात फोन करतात, आणि तारीख अजून ठरलेली नाही.