गाडी लागते तेव्हा

आंबोली घाटात एसटी वळणं घ्यायला लागली की मोबाईल बघत बसलेली ताई एकदम गप्प होते. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, तोंडाला पाणी. ताईला गाडी लागली!

पण बिघाड पोटात नसतो बरं का. कानाच्या अगदी आत तीन अर्धगोल, बारीक नळ्या असतात. गाडी वळली की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला कळतं, आपण वळतोय. डोळे मात्र मोबाईलवर! ते सांगतात, सगळं जागच्या जागी आहे. दोन उलटसुलट निरोपांनी मेंदू गोंधळतो आणि मळमळायला लागतं.

यावरची एक गोळी अचानकच सापडली. 1947 साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. लेस्ली गे आणि डॉ. पॉल कार्लिनर ॲलर्जीचं नवं औषध तपासत होते. अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईंना त्यांनी ते दिलं. बाई म्हणाल्या, "ट्राममध्ये मला नेहमी मळमळायचं, ते थांबलं की!" डॉक्टरांनी मग त्यांना औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी दिली. मळमळ परत हजर! मला तर त्या बाईंचंच जास्त कौतुक वाटतं. कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या जहाजावर शेकडो सैनिकांवर या औषधाची चाचणी झाली. तिथेही ते लागू पडलं.

मळमळीचा निरोप मेंदूत पोचवायला हिस्टामिन नावाचं रसायन मदत करतं. गोळी त्याची वाट अडवते. पण हेच हिस्टामिन आपल्याला जागंही ठेवतं, म्हणून गोळी घेतली की पेंग येते. शिवाय तोंडही कोरडं पडतं. काही मुलं तर झोपायची सोडून उलट चिडचिड करतात. आपल्याकडे प्रवासासाठी मिळणारं प्रोमेथाझिन याच जातीचं. दोन वर्षांखालच्या बाळाला ते अजिबात द्यायचं नाही, श्वास मंदावू शकतो. तुमचा डोस डॉक्टरच ठरवणार. गोळी प्रवासाच्या आधी घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर घेतली, तर तीही बाहेर पडते! गोळी घेतली त्या दिवशी सायकल आणि पोहणं बंद. आणि डोक्याला मार लागून उलटी झाली, तर गोळी न घेता लगेच मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा.

गाडी चालवणाऱ्याला मात्र सहसा गाडी लागत नाही. पुढचं वळण त्याला आधीच दिसतं ना! म्हणून पुढची सीट पकडा, मोबाईल ठेवून द्या आणि दूरवर रस्त्याकडे बघा. कदाचित गोळी लागणारच नाही.