शरीराचे विज्ञान : चार चमच्यांत पोट का भरते?

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, एरवी दोन भाकरी सहज खाणाऱ्या माणसाचे पोट चार चमचे वरणातच भरते. कारण ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढला जातो आणि केळ्याएवढी अरुंद नळी तेवढी उरते. घ्रेलिन हे भूक चाळवणारे संप्रेरक, म्हणजे रक्तातून मेंदूला संदेश देणारे रसायन, मुख्यत्वे त्या काढलेल्या भागातच तयार होत असल्याने सुरुवातीला भूकही मंदावते. बायपास या दुसऱ्या प्रकारात गोड पदार्थ झपाट्याने लहान आतड्यात उतरतो, तेथील दाट साखर रक्तातील पाणी आतड्यात ओढून घेते, आणि घाम, धडधड व जुलाब सुरू होतात. यालाच ‘डम्पिंग’ म्हणतात.

म्हणून प्रथम पातळ, मग मऊ आणि काही आठवड्यांनी घट्ट अन्न, असा क्रम पाळला जातो. कारंजा तालुक्यातील कामरगावच्या घरात त्यासाठी वेगळे काही आणावे लागत नाही : तुरीचे घोटलेले वरण, दही, मऊ अंडे हे प्रथिनांचे पदार्थ आधी खावेत, भाकरी नंतर, आणि पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे. ब-12 व लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत. आणि घरच्यांनी ‘अजून एक घास’ असा आग्रह मुळीच करू नये.