जठरातील जंतू आणि आतड्यातील गाठी

जठरातील व्रण चिंतेने वा तिखटाने होतो, अशी दीर्घकाळ समजूत होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये त्यामागील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधला. २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू असलेल्यांत मोठ्या आतड्यातील गाठी, म्हणजे पॉलिप, काहीशा अधिक आढळतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. परंतु जंतूच त्यांचे कारण आहे, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. म्हणून औषधाने जंतू गेला, तरी आतड्याचे खाते तपासून झाले असे मानू नये. काही पॉलिप कालांतराने कर्करोगाचे रूप घेतात. वेळीच सापडल्यास बहुतेक दुर्बिणीतूनच काढता येतात. शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याध समजून संकोचाने लपवणे, हा फार महाग पडणारा व्यवहार ठरतो.