इल्मची जकात

रमजान आला की घराघरांत जकातीचा हिशेब सुरू होतो. वर्षभर जवळ राहिलेल्या बचतीचा चाळिसावा हिस्सा गरजूंचा. पैशांचा हिशेब वहीत मांडता येतो, पण उस्तादाकडून मिळालेल्या विद्येचं काय? जुनी जाणती माणसं सांगतात, इल्मची जकात म्हणजे ते पुढे देणं. याचा एक दाखला आपल्या पुण्यात दर हिवाळ्यात ऐकायला मिळतो.

किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैरानाचे, पण मिरजेचे होऊन राहिले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनावर त्यांचं निधन झालं. रमजान तेव्हा आठ-दहा दिवसांवर आला होता. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात आजही तिथे सुरांची हजेरी लागते.

कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे खाँसाहेबांचे शागीर्द. पुढे त्यांच्याकडे गंगूबाई हनगल आल्या, पारशी घरातले फिरोज दस्तूर आले आणि गाण्यासाठी घर सोडून पळालेले भीमसेन जोशीही आले. भीमसेन गुरूंच्या घरी राहिले. पाणी भरलं, पडेल ते काम केलं आणि शिकले.

चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला सवाई गंधर्वांना अर्धांगवायूचा झटका आला. मैफली थांबल्या. ज्याचं सारं आयुष्य गळ्यात होतं, त्याच्यावर ही वेळ! तरी शिकवणं त्यांनी सोडलं नाही. जानेवारी १९४६ मध्ये पुण्यात त्यांची साठी साजरी झाली, तेव्हा भीमसेन गुरूंसमोर गायले आणि रसिकांच्या मनात बसले. १९५२ च्या सप्टेंबरमध्ये गुरू गेले. पुढच्याच वर्षी शिष्याने त्यांच्या नावाने संगीत महोत्सव सुरू केला आणि तो अनेक दशकं सांभाळला. नव्या गायकांना तिथे व्यासपीठ मिळालं. एका मुस्लिम उस्तादाने दिलेला सूर असा हजारो घरांत पोचला.

आजारी गुरूकडून काय मिळतं, हे मी आमच्या लोणीत पाहिलं. शाळेतले एक गुरुजी अंथरुणाला खिळले होते. अयादतीला, म्हणजे आजाऱ्याची विचारपूस करायला गेलो. बोलायलाही त्रास होत होता, तरी त्यांनी विचारलं, "मागच्या बाकावरच्या पोराला ऐकू जातं का रे तुझं?" स्वतःच्या दुखण्याबद्दल एक शब्द नाही. महिन्याभरात ते गेले. तेव्हापासून वर्गात शिरलो की मी आधी मागच्या बाकाकडे बघतो. पीएच.डी.च्या जाड पुस्तकांनी जे दिलं नाही, ते त्या एका प्रश्नाने दिलं.

इस्लाममध्ये आजाऱ्याला भेटणं हा त्याचा हक मानला आहे. वारकरी परंपरेत गुरूचं ऋण फिटत नाही असं म्हणतात. दोन्हींचा अर्थ फार वेगळा नाही. ऋण फिटत नसेल, तर ते पुढच्याच्या ओंजळीत टाकायचं.

ईदच्या खरेदीसाठी मंचर-जुन्नरला जाल, तेव्हा वाटेत कुठे तुमचे जुने मास्तर, बाई किंवा उस्ताद आजारी असतील. अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. फळं नेली नाहीत तरी चालेल. त्यांनी शिकवलेलं तुम्ही कुणाला शिकवलं, एवढं मात्र सांगा.